भिंगावरचे झाकण

मनुष्य दोषाचा शोध घेऊ लागतो तेव्हा तो समोरची वस्तू तपासतो. ज्या साधनाने तपासायचे ते साधन स्वतः धड आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. न दिसणे आणि नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे शास्त्रकारांनी परोपरीने सांगून ठेवले आहे. योग्य साधनाने, पुरेशा उजेडात आणि मन स्थिर ठेवून शोधल्यावरही जे सापडले नाही, त्यालाच 'नाही' म्हणावे, असा त्यांचा आग्रह. परंतु आप्तांच्या बाबतीत एवढी सबुरी कोण दाखवतो? तेथे आपल्याला काळा पडदा दिसतो आणि आपण त्याच क्षणी निवाडा देऊन मोकळे होतो. पुढील हकिकतीत दुष्ट असे कोणीच नाही. तरीही एका माणसाला उत्तराची वाट पाहत जग सोडावे लागले, आणि ज्याने उत्तर द्यायचे त्याला आपल्याला काही विचारले गेले होते हेच ठाऊक नव्हते.

दोघे सख्खे भाऊ. तरुणपणापासून समारंभांचे चित्रण करण्याचा व्यवसाय त्यांनी एकत्र केला. थोरल्यांच्या हाती कॅमेरा आणि धाकट्यांच्या कानांवर हेडफोन, अशी कामाची वाटणी होती. धाकट्यांना सवय अशी की ध्वनी तपासताना ते डोळे घट्ट मिटून घेत. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असे त्यांचे म्हणणे. या मिटल्या डोळ्यांवरून थोरले त्यांना कानसेन म्हणत, आणि धाकटेही ते नाव मानाने मिरवत.

थोरल्यांचीही एक तऱ्हा होती. धाकट्यांशी खटका उडाला की ते न बोलता लेन्सची कॅप, म्हणजे भिंगावरचे झाकण, टक् करून लावून टाकीत आणि कॅमेरा तसाच चालू ठेवीत. फितीवर आवाज उमटत राही, चित्र मात्र काळे. "आता तूच दाखव लोकांना," असे म्हणून ते चहा प्यायला जात. हे सारे सरावाच्या वेळी चाले, घटकाभराने दोघे हसत आणि झाकण निघे.

एकदा मात्र ते निघाले नाही. एका वृद्ध डॉक्टरांचा सत्कार होता. हेडफोनमध्ये घरघर येत होती, म्हणून कॅमेऱ्याची तार बाजूला घे, असे धाकटे पुन्हा पुन्हा सांगत होते आणि थोरले हलत नव्हते. अखेर आयोजकांच्या देखत धाकटे म्हणाले, "तुला ऐकूच येत नाही. बहिरा झालायस, मान्य कर ना." थोरल्यांना खरोखरच त्या दिवसांत कमी ऐकू येऊ लागले होते आणि ते त्यांनी कोणालाही कळू दिले नव्हते. त्यांनी झाकण लावले आणि डॉक्टरांचे सारे भाषण संपेपर्यंत ते कॅमेऱ्यामागे ताठ उभे राहिले. नंतर फीत लावून पाहिली तेव्हा भाषण शब्दन् शब्द ऐकू येत होते, आणि पडद्यावर अंधार होता. धाकट्यांनी हेडफोन जमिनीवर आपटला. त्याची एक वाटी फुटून कोपऱ्यात गेली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे तुटले.

पुष्कळ वर्षांनी वहिनींच्या, म्हणजे थोरल्यांच्या पत्नीच्या, भावाने धाकट्यांच्या घरी एक पेनड्राइव्ह आणून दिला. "दादांनी पाठवलंय. एकट्यानं बघा म्हणाले," एवढेच सांगून तो गेला. धाकट्यांच्या टीव्हीला मीडिया प्लेअरची लहानशी काळी डबी जोडलेली होती. तिला त्यांनी पेनड्राइव्ह लावला, फाईल सुरू केली आणि जुन्या सवयीने डोळे मिटले.

आधी टक् असा आवाज आला. मग थोरल्यांचा स्वर, खोल गेलेला: "कानसेन, मीच आहे." त्यानंतर बराच वेळ काही नाही, मधूनच काहीतरी घासल्यासारखे. मग, "हे तुझं. तुझ्याकडे असलेलं बरं." पुन्हा शांतता. मग कशावर तरी तळहात आपटल्याचे दोन-तीन मऊ ठोके. "मला आता फार बोलवत नाही. बाकीचं तूच समजून घे." त्यानंतरची शांतता इतकी लांबली की धाकट्यांनी डोळे उघडले. पडदा काळा होता. खाली काळ सरकत असल्याची रेघ तेवढी पुढे जात होती.

तो टक् आवाज त्यांनी हजारो वेळा ऐकला होता. अंधारातही त्यांनी तो ओळखला असता.

तरी ते कसबी मनुष्य होते. यंत्राचा दोष असेल का, अशी शंका घेऊन त्यांनी आपल्या संग्रहातील एक जुनी फाईल लावली. ती स्वच्छ दिसली. दुसरी लावली, तीही दिसली. प्लेअर निर्दोष ठरला. मग उरले एकच अनुमान: आवाज खोल गेला तरी भावाने झाकण लावले, आणि वर हा अंधार तुझा, तुझ्याकडेच ठेव, असे ऐकवले. पेनड्राइव्ह त्यांनी कपाटाच्या खणात टाकला. त्यावरचे काही पुसले नाही. मूळ चित्रण कधी पुसायचे नाही हा व्यवसायाचा नियम त्यांनी रागातही पाळला. पण ते भावाकडे गेले नाहीत, निरोपही धाडला नाही. वर्ष सरण्यापूर्वी थोरले वारले. धाकटे अंत्यदर्शनाला गेले, फाटकाशी परक्यासारखे उभे राहिले आणि परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी वहिनी धाकट्यांच्या दारात उभ्या राहिल्या. घरी धाकटे आणि त्यांची सून होती. मुलगा कामावर गेला होता. सुनेने पाणी दिले. वहिनींनी ते हातातच धरून ठेवले.

"भाऊजी, मी बसायला नाही आले. माझा मोबाइल दुरुस्तीला दिला तेव्हा त्यांनी सगळा कोरा करून दिला. ह्यांचं त्यात जेवढं होतं तेवढं गेलं. आता एकच राहिलंय, ते तुमच्याकडे पाठवलेलं. फेकलं नसेल तर मला एकदा बघू द्या. बघून जाते."

"फेकलं नाही," धाकटे म्हणाले. "पण वहिनी, त्यात बघायला काही नाही."

"असं कसं?"

"नुसता आवाज आहे. चित्र नाही."

वहिनींनी पेला टेबलावर ठेवला. "चित्र नाही कसं? मोबाइल मी धरला होता, माझ्या या हातांनी. हात भरून आला तरी खाली केला नाही."

धाकट्यांनी उठून खण उघडला.

पेनड्राइव्ह लागला. टक्. "कानसेन, मीच आहे." पडदा काळा. वहिनींनी तोंडाला पदर लावला. पतीचा आवाज त्या कित्येक महिन्यांनी ऐकत होत्या. धाकट्यांचे डोळे पुन्हा मिटले होते. सून मात्र पडद्याकडे बघत होती.

"बाबा, थांबा. काहीतरी लिहून आलं आणि गेलं."

"काही येत नाही. मी पाहिलंय."

"तुम्ही डोळे मिटून पाहिलंत." ती सहज बोलून गेली, आणि मग रिमोट घेऊन तिने फाईल पहिल्यापासून लावली. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची एक ओळ डोळ्याचे पाते लवेपर्यंत उमटली आणि विरली. तिसऱ्या प्रयत्नात तिने ती वाचली. "व्हिडिओचा फॉरमॅट चालत नाही, असं म्हणतोय."

"बाकी सगळं चालतं त्यात," धाकटे म्हणाले. "मी त्याच दिवशी दोन फायली लावून बघितल्या होत्या."

"कुठल्या?"

"आपल्याच. जुन्या."

सुनेला तरी सारे ठाऊक होते असे नाही. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा देण्याचे काम करीत असे. तिने आधी तार काढून दुसरी लावली, टीव्ही बंद करून चालू केला, डबी उपटून पुन्हा जोडली. अंधार जसाच्या तसा. "दवाखान्यात मशीन अडलं की आम्ही आधी एवढं करतो," ती वहिनींना म्हणाली. "मग डॉक्टर येऊन तेच पुन्हा करतात." वहिनींना क्षणभर हसू आले.

मग तिने पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. तेथेही आवाज आला आणि चित्र नाही. पण लॅपटॉपने निदान कारण नीट सांगितले. हा व्हिडिओ दाखवायला लागणारा कोडेक या यंत्रात नाही. तिने फाईलची माहिती उघडली आणि बोट ठेवले.

"बाबा, इथं बघा. चित्राची रुंदी, उंची, सगळं आहे. आणि फाईल किती जड आहे बघा. नुसत्या काळोखाचं एवढं वजन होणार नाही."

धाकटे त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांचे आयुष्य फितीत गेले होते. फितीवर सूर्य उमटला काय आणि अंधार उमटला काय, कॅसेट तेवढीच जड आणि तेवढीच लांब. नव्या यंत्रांत अंधार हलका असतो आणि माणसाचा चेहरा जड असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनी कोणाला विचारले नव्हते.

"म्हणजे झालंय काय?" वहिनींनी विचारले.

सुनेने सांगितले ते असे. चित्रण फार मोठे असते, म्हणून मोबाइल त्याची घडी घालून ठेवतो. पाहताना प्लेअरने ती घडी उलगडायची. घडी घालण्याची आणि उलगडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. आवाजाची घडी वेगळी आणि चित्राची वेगळी. वहिनींचा मोबाइल नवा, त्याने चित्राची घडी नव्या रीतीने घातली. बाबांची डबी जुनी, तिला ती रीत शिकवलेलीच नाही. आवाजाची घडी जुन्याच रीतीची, म्हणून तेवढा उलगडला. बाबांच्या जुन्या फायली जुन्या रीतीच्या, म्हणून त्या दिसल्या.

"म्हणजे फाईल चांगली आहे," वहिनी म्हणाल्या.

"फाईल पहिल्या दिवसापासून चांगली आहे, काकू."

हे वाक्य तिने वहिनींना दिलासा देण्यासाठी उच्चारले होते. ते कोठे जाऊन लागले हे तिला लगेच दिसले, आणि ती खाली मान घालून लॅपटॉपवर नवा प्लेअर उतरवू लागली.

तो प्लेअर उघडला तेव्हा प्रथमच पडद्यावर काही उजळले. हिरवे, करडे चौकोन, त्यांतून एका खिडकीची कड, एक खांदा, आणि तेथेच चित्र थिजले. आवाज पुढे निघून गेला, खांदा तसाच राहिला. लॅपटॉपही वयस्कर होता, एवढे काम त्याला पेलत नव्हते.

"मी याची जुन्या रीतीची प्रत करते," सून म्हणाली. "वेळ लागेल. मूळ आहे तसंच ठेवते."

"मूळ पुसायचं नाही," धाकटे यंत्रवत म्हणाले.

"नाही पुसत, बाबा."

पडद्यावर एक रेघ फार सावकाश भरू लागली. सून चहा टाकायला आत गेली. खोलीत दीर आणि भावजय उरले. बाहेर कोणीतरी भिंतीला खिळा ठोकत होते. तो आवाज थांबला तेव्हा वहिनी बोलल्या.

"तुम्हाला चित्र दिसलं नाही हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला मनातल्या मनात फार बोलले आहे, भाऊजी. म्हटलं, असा कसा दगड. एवढं बघूनही आला नाही."

"मला वाटलं, त्यानं कॅप लावली."

वहिनींनी मान वर केली. "काय?"

"सुरुवातीला टक् वाजतं. ते कॅपचं आहे. मला वाटलं, कॅप लावून बोलतोय. तोंड दाखवायचं नाही म्हणून. डॉक्टरांच्या सत्काराला केलं होतं तसं."

"एवढ्या वर्षांत असं किती वेळा केलं त्यांनी? कार्यक्रमात?"

"एकदा."

"एकदा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "आणि तुम्ही त्यांना बहिरा म्हणालात ते किती वेळा?"

"तेही एकदाच."

रेघ अर्ध्याच्या पुढे सरकली.

"तो काय म्हणायचा?" धाकट्यांनी विचारले. हा प्रश्न विचारायचा त्यांना धीर नव्हता आणि न विचारण्याचाही नव्हता.

"पहिले काही दिवस, आज येईल म्हणायचे. दाराकडे खुर्ची करून बसायचे. मी म्हटलं, मी फोन करते. तर नको म्हणाले. बोलावणं गेलंय, त्यानं बघितलं असेल, आता त्याला वेळ देऊ. मग पुढे पुढे विषयच काढेनात. एकदा मला म्हणाले, बघूनही आला नाही म्हणजे त्याचं मन विटलं, आता त्याला त्रास देऊ नकोस." त्या थांबल्या. "मी फोन करायला हवा होता. त्यांचं ऐकायला नको होतं. पण माझंही नाक वर होतं. म्हटलं, लहान तुम्ही, तुम्ही यावं."

क्षमा मागण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते, आणि ज्याच्यापुढे मागायची तो, आपल्याला पाहूनही नाकारले गेले असे समजून, जग सोडून गेला होता. तो समज पुसून टाकण्याची सोय कोणत्याही यंत्रात नव्हती.

सून चहा घेऊन आली तेव्हा रेघ भरली होती. तिने नवी प्रत पेनड्राइव्हवर उतरवली, डबीला लावली, आणि रिमोट धाकट्यांच्या हाती न देता वहिनींच्या हाती दिला.

या खेपेस धाकट्यांनी डोळे उघडे ठेवले.

खिडकीपाशी खुर्चीत थोरले बसले होते. ते इतके वाळले होते की सदऱ्याची कॉलर मानेपासून दूर उभी होती. मांडीवर त्यांचा जुना कॅमेरा होता. उजवा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने भिंगावरचे झाकण धरले आणि काढले. टक्. झाकण लावताना आणि काढताना सारखेच वाजते. कानांना तो भेद कळत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. "कानसेन, मीच आहे," म्हणून थोरल्यांनी ते झाकण समोर धरले, नीट दिसेल असे उलटसुलट केले, आणि चित्रण करणाऱ्या वहिनींच्या हातात देऊन टाकले. चित्र थोडे हलले.

मग त्यांनी खुर्चीमागून हेडफोन काढला. धाकट्यांनी आपटला होता तोच. फुटलेली वाटी जोडली होती आणि दोन्ही बाजूंना नव्या गाद्या बसवल्या होत्या. थोरले बाहीने त्या गाद्या पुसत राहिले. घासल्याचा आवाज तो. मग तो त्यांनी आपल्याच डोक्यावर चढवला, डोळे घट्ट मिटले आणि भुवया उंच करून धाकट्यांची हुबेहूब नक्कल केली. वहिनींना आताही हसू फुटले, आणि ते हसू मध्येच मोडले. "हे तुझं. तुझ्याकडे असलेलं बरं." शेजारी एक रिकामी खुर्ची होती. तिच्या गादीवर थोरल्यांनी तळहात आपटला. ये, बस.

"मला आता फार बोलवत नाही. बाकीचं तूच समजून घे."

त्यानंतरच्या लांब शांततेत थोरल्यांनी हात जोडले. उजवा हात थरथरून निसटला. डाव्याने तो शोधून पुन्हा धरला. पुन्हा निसटला, पुन्हा धरला. चित्रण संपेपर्यंत ते एवढेच करत राहिले, आणि त्यांची नजर भिंगावरून एकदाही ढळली नाही.

पडदा काळा झाला. हा काळोख खरा होता.

"परत लावू का, काकू?" सुनेने हळूच विचारले.

"थांब जरा," वहिनी म्हणाल्या.

धाकटे उठून वहिनींपुढे आले आणि वाकले. त्यांनी वहिनींच्या पायांना हात लावला, आणि हात तेथेच राहिले. वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नका करू, भाऊजी. मी नुसता मोबाइल धरला होता." पण त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. काही वेळाने त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "खुर्ची तिथंच आहे. हेडफोनही तिच्यावरच टांगलाय. मी कुरिअरनं पाठवते म्हटलं तर नको म्हणाले होते. तो येऊन घेईल म्हणाले."

"येतो," धाकटे म्हणाले.

"आज माझ्याबरोबर चला. उद्यावर टाकू नका."

सुनेने पेनड्राइव्ह काढून वहिनींच्या पिशवीत ठेवला आणि लॅपटॉपवरची प्रत राहू दिली. धाकट्यांनी चपला घातल्या. दाराबाहेर पडताना ते क्षणभर मागे वळले आणि टीव्हीखालच्या त्या लहानशा काळ्या डबीकडे पाहिले. तिचाही काही अपराध नव्हता. तिला जे उलगडत होते ते तिने प्रामाणिकपणे ऐकवले होते, आणि जे उलगडत नव्हते ते कोपऱ्यात बारीक अक्षरांनी कबूलही केले होते.

हात जोडून जो वाट पाहत राहिला त्याला, जेथे असेल तेथे, आपण पाहिले गेलो हे कळो. जो उशिरा पाहू शकला त्याला त्या रिकाम्या खुर्चीत बसण्याचे बळ मिळो. जिने हात भरून आला तरी तो खाली केला नाही, त्या माउलीला विसावा मिळो. आणि त्या दोन्ही घरांत यापुढे कोणाचा शब्द अर्धा ऐकला न जावो.